आयरिश हॉटेलात आधी ब्रेड बघा, मग स्टॉकचं विचारा

प्रश्न असा आहे: "सप्टेंबरमध्ये बहिणीकडे डब्लिनला चाललोय. टेंपल बार भागातल्या एखाद्या उबदार, जुन्या वळणाच्या आयरिश हॉटेलात एकदा तरी निवांत जेवायचंय. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. आम्ही तिघं मटण-मासे खातो, बीफ आणि पोर्क नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी. तिथे सगळे पर्यटकच असतात म्हणे, मग लुबाडतात का? आणि मागवायचं काय?"

माझी बरीच वर्षं डब्लिनमधल्या आयरिश हॉटेलांच्या किचनमध्ये गेली आहेत, त्यामुळे शेगडीच्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

पर्यटकांचं आधी. पर्यटक दिसले की हॉटेल वाईट, हा हिशेब इतर शहरांत चालत असेल, आयरिश जेवणाला तो नीट लागू होत नाही. कारण हे जेवण मुळात हॉटेलातलं नाहीच. स्ट्यू, कोबी-बेकन, उकडलेला बटाटा, ताकातला ब्रेड हे सगळं घरच्या चुलीवरचं. साठ-सत्तरच्या दशकापर्यंत बहुतेक पबमध्ये पिण्यापलीकडे फारसं काही मिळत नसे. १९६४ साली कॉर्क काउंटीत मर्टल ॲलन यांनी बॅलीमलू या आपल्या राहत्या घरातली जेवणाची खोली पाहुण्यांना उघडली. आपल्याच शेतातलं आणि आपल्याच किनाऱ्यावरचं साधं जेवण पैसे घेऊन वाढायचं, ही कल्पना तेव्हा तिकडे नवीन होती. आजही डब्लिनकर बाहेर जेवायला निघाला तर थाई, इटालियन किंवा आपल्या लोकांच्या 'इंडियन'मध्ये जातो. स्ट्यू खायला तो आईकडे जातो. मग स्ट्यू विकणाऱ्या हॉटेलात पाहुणेच जास्त दिसणार, त्यात नवल काय?

उलट सजावटीवर फार भरवसा ठेवू नका. टेंपल बारच्या गल्ल्या जुन्या आहेत, पण तिथलं 'जुनेपण' बरंचसं अलीकडचं. ऐंशीच्या दशकात तिथे मोठं बसस्थानक बांधायचा बेत होता. सरकारी वाहतूक कंपनीने इमारती विकत घेतल्या आणि काम सुरू होईपर्यंत स्वस्त भाड्याने दिल्या. चित्रकार, वादक, छोटे दुकानदार त्यात शिरले, बसस्थानक बारगळलं आणि १९९१पासून सरकारनेच तो भाग कला आणि पर्यटनासाठी सजवला. तेव्हा भिंतीवरचे तांब्याचे तवे, गंजकी पाटी आणि शेकोटी बघून हॉटेलचं वय काढू नका. ब्रिज स्ट्रीटवरचं ब्रेझन हेड ११९८ हे साल मिरवतं, आताची इमारत मात्र १७५४ची आहे. तीही काही कमी जुनी नाही म्हणा.

मग बघायचं काय? मेनू किती लांब आहे ते. स्ट्यू, पिझ्झा, नाचोज, चिकन करी आणि सुशी एकाच कार्डावर असेल तर त्या किचनचा बराचसा माल फ्रीझरमधून येतो हे समजून चाला. दहा-बारा पदार्थ असतील, त्यातले दोन-तीन फळ्यावर खडूने लिहिलेले असतील, तर बसायला हरकत नाही.

आणि ब्रेड बघा. माझ्या मते ही सगळ्यात खात्रीची परीक्षा. सूप किंवा चावडर, म्हणजे मासळीचं दाट सूप, याबरोबर तपकिरी सोडा ब्रेड येतो. त्यात यीस्ट नसतं. खाण्याचा सोडा आणि ताक एकत्र आले की आंबटपणाने वायू सुटतो आणि त्यावर तो फुगतो. आयर्लंडच्या ओल्या हवेत येणारा गहू मऊ, कमी ग्लूटेनचा. यीस्टच्या पावाला तो पुरा पडत नाही, सोड्याला मात्र छान चालतो. एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त झाला आणि घरोघरी विस्तवावरच्या झाकणाच्या जाड भांड्यात हा ब्रेड होऊ लागला. पीठ मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं, वर सुरीने फुलीचा खोल काप द्यायचा म्हणजे मधपर्यंत उष्णता पोचते. पण याला आयुष्य नाही. सकाळचा ब्रेड संध्याकाळी ठीक, दुसऱ्या दिवशी भुसभुशीत. म्हणजे ज्याचा ब्रेड ताजा आहे, त्या किचनमध्ये सकाळी कोणीतरी येऊन हात पिठात घातलेला असतो, आणि असं किचन सहसा बाकीच्या गोष्टींतही आळस करत नाही. सोबत लोणी येईल, पिवळंधमक, कारण गाई वर्षाचे बरेच महिने हिरव्या कुरणात चरतात. ते पातळ पसरू नका. तिथले लोक थर लावतात.

टेंपल बारमध्येच बसायचं असेल तर गॅलॅगर्स बॉक्स्टी हाउस हे नाव सुचवतो. मी तिथे कधी कामाला नव्हतो, म्हणून मोकळेपणाने सांगता येतं. १९८८पासून चालू आहे, पर्यटकांनी भरलेलं असतं आणि तरीही एका खऱ्या प्रादेशिक पदार्थावर उभं आहे. बॉक्स्टी ही लायट्रिम, कॅव्हन, लाँगफर्ड या पट्ट्यातली, गरिबांच्या घरातली. कच्चा बटाटा किसायचा, फडक्यात घट्ट पिळायचा, निघालेलं पाणी थोडं बसू द्यायचं आणि तळाशी उरलेला स्टार्च परत घ्यायचा. त्यात उकडून कुस्करलेला बटाटा, पीठ आणि ताक. तव्यावर टाकली की धिरड्यासारखी होते, कडेला कुरकुरीत आणि आत थोडी चिवट. लोफ करून भाजतात, तिचे काप मग लोण्यात परततात. गोळे करून उकडतातही. हॉटेलात बहुधा तव्यावरची बॉक्स्टी आत सारण घालून दुमडून देतात. सारण बीफचं, मेंढीचं, चिकनचं किंवा भाज्यांचं असू शकतं. त्यामुळे नुसतं 'बॉक्स्टी द्या' म्हणू नका, कोणती ते ठरवून सांगा.

बटाट्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याला बटाटा चिकट, आकार धरणारा आवडतो. त्यांना पिठूळ, उकडल्यावर साल फाडून बाहेर येणारा. सध्या सगळ्यात जास्त दिसतो तो लाल सालीचा रूस्टर. कार्लोजवळच्या ओक पार्क या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेला वाण. एकाच वाणावर सगळं पोट अवलंबून असण्याची किंमत या देशाने मोजली आहे. १८४५ ते १८५२च्या दुष्काळात लंपर नावाचा बटाटा करप्याने शेतातच कुजला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. एवढं होऊनही बटाटा ताटातून हलला नाही. दुपारच्या कार्व्हरीत, म्हणजे भाजलेलं मांस समोर कापून भाज्यांसकट ताटात वाढतात तिथे, मॅश, भाजलेला बटाटा आणि वर चिप्स, असे तीन बटाटे एका ताटात घेऊन बसलेली माणसं तुम्हाला दिसतील. हसू नका, तेही आपल्या वरण-आमटी-कढीकडे असंच बघतात.

आता स्ट्यू. आयरिश स्ट्यू म्हणजे परंपरेने मेंढीचं मटण: मान किंवा खांदा, हाडासकट. कांदा, बटाटा, पाणी, मीठ, मिरी, शेवटी पार्सली. गाजर घालायचं की नाही यावरून किचनमध्ये खरोखर भांडणं होतात. चांगला कुक बटाटा दोनदा घालतो. आधीचा विरघळून रस्सा दाट करतो, नंतरचा फोडी धरून राहतो. पीठ लावून दाट केलेला स्ट्यू जिभेला लगेच कळतो, घशाशी चिकटतो. ऑर्डर दिल्यावर सात-आठ मिनिटांत वाटी समोर आली तर 'आधीच करून ठेवलंय' म्हणून नाक मुरडू नका. स्ट्यू सकाळीच होतो, मंद आचेवर दोन तास तरी घेतो, आणि मुरलेला जास्त चांगला लागतो. दहा मिनिटांत 'ताजा' करून देणाऱ्याची मला काळजी वाटेल. डब्लिनची खास कॉडल मात्र तुमच्या कामाची नाही; सॉसेज आणि बेकन बटाट्या-कांद्यात उकडतात, सगळं पोर्क. ब्लॅक पुडिंग रक्ताचं, व्हाइट पुडिंग बिनरक्ताचं, पण दोन्ही डुकराचीच.

तुमच्यासाठी खरी अडचण ताटात दिसणारं बीफ नाही, न दिसणारं आहे. गिनेस या काळ्या बिअरमधला स्ट्यू बीफचा असतो हे मेनूवरच लिहिलेलं असतं, बर्गर कशाचा ते सगळ्यांना माहीत आहे. पण मेंढीच्या स्ट्यूत स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, कशाचा टाकलाय? बऱ्याच किचनमध्ये एकच मोठं तपकिरी स्टॉकचं पातेलं असतं आणि ते बीफच्या हाडांचं असतं. कार्व्हरीतली ग्रेव्ही तर सगळ्या भाजलेल्या मांसांवर एकच ओततात, चिकनवरसुद्धा. नियमाने शेफर्ड्स पाय मेंढीच्या खिम्याचा आणि कॉटेज पाय बीफचा, पण आयर्लंडमध्ये कितीतरी ठिकाणी शेफर्ड्स पाय नाव लिहून बीफच घालतात. यात लबाडी नसते, त्यांच्या घरीही तसंच म्हणतात. काही जुन्या चिप्स-माशांच्या दुकानांत तळण बीफच्या चरबीत होतं. मेनूच्या तळाशी आमचं बीफ आयरिश आहे अशी ओळ दिसली तर घाबरू नका. बीफ कुठल्या देशातलं ते हॉटेलांनी लिहायचं, असा तिथे २००६पासून कायदा आहे. सगळ्या पदार्थांत बीफ आहे असा तिचा अर्थ नाही.

मेनूवर पदार्थांपुढे बारीक आकडे दिसतील: १, ३, ७, ९. ही ॲलर्जीची यादी. ठरलेले चौदा घटक लेखी सांगणं २०१४च्या डिसेंबरपासून सक्तीचं आहे. आपले लोक इथे हमखास चुकतात. मासे, कोळंबी-खेकडे, शिंपले, अंडं, दूध, गहू, दाणे, सेलरी, मोहरी, तीळ हे त्या चौदात येतं. बीफ, पोर्क, चिकन, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचं जिलेटिन, डुकराची चरबी यांतलं काहीच येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते ॲलर्जीचे घटक नाहीत. तेव्हा आकडे बघून 'यात मांस नाही' असा निष्कर्ष काढू नका. माशाबद्दल आणि अंड्याबद्दल मात्र तेच आकडे उपयोगी पडतात.

विचारायची पद्धतही सांगतो. 'बीफची ॲलर्जी आहे' असं खोटं सांगू नका. तसं सांगितलं की ऑर्डरच्या चिठ्ठीवर लाल शिक्का पडतो, आम्ही पाट-सुऱ्या-पॅन बदलतो, गर्दीच्या वेळी सगळी ओळ थांबते, आणि कित्येकदा मॅनेजर जोखीम नको म्हणून पदार्थच नाकारतो. सरळ सांगा की धर्मामुळे बीफ आणि पोर्क खात नाही, स्टॉक आणि चरबीसुद्धा चालत नाही. 'स्टॉकसुद्धा' हे आवर्जून म्हणा. वेटरला माहीत नसेल तर तो आत येऊन विचारेल. डब्लिनच्या किचनमध्ये आत उभा असलेला माणूस पुष्कळदा केरळचा, पंजाबचा नाहीतर आपल्याकडचाच असतो, त्याला एका वाक्यात सगळं समजतं.

सासूबाईंचं वेगळं. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडं चालतं असं गृहीत धरतात. क्वीश, मेयोनेझ, केक, पॅनकेकचं पीठ, सगळीकडे अंडं. त्या अंडं खात नसतील तर एक सोपी युक्ती: मेनूवर 'व्हीगन' लिहिलेला पदार्थ निवडा आणि वर लोणी किंवा चीज वेगळं मागून घ्या. व्हीगन म्हटलं की अंडं, जिलेटिन, चिकन स्टॉक, मासळीचा सॉस हे सगळं एका फटक्यात बाद होतं. एरवी 'व्हेजिटेबल सूप' नाव असलेल्या सूपमध्ये चिकनचा स्टॉक सर्रास असतो, तेव्हा तेही विचारा. चिप्स ज्या तेलात तळतात त्याच तेलात मासा तळला जातो का, हे विचारायलाही लाजू नका. मोठ्या किचनमध्ये वेगळा फ्रायर असतो, छोट्यात बहुधा नसतो. कोलकॅनन जरूर मागवा: कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी, पातीचा कांदा, दूध आणि मधोमध लोण्याचं तळं. हे साइड डिश म्हणून मिळतं, पण दोन वाट्या घेतल्या तर जेवण होतं. आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी असलीच, तर नुसता उकडलेला बटाटा आणि लोणी कोणतंही आयरिश किचन आनंदाने देईल.

गोडात ॲपल टार्ट किंवा क्रम्बल घ्या. टार्टच्या कवचात लोणी की डुकराची चरबी ते विचारून. क्रम्बलला बहुतेक लोणीच असतं. न भाजलेलं चीजकेक, मूस, ट्रायफल यांत जिलेटिन असू शकतं, ट्रायफलमध्ये शेरी ही वाइनही. सासूबाईंना तेवढं टाळू द्या.

माशांच्या बाबतीत तुमचा महिना उत्तम. तिथल्या देशी चपट्या कालवांचा हंगाम सप्टेंबरला उघडतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. पॅसिफिक जातीची कालवं बारमाही मिळतात. गॉलवेला १९५४पासून सप्टेंबरच्या शेवटाला कालवांचा उत्सव भरतो. तिकडे गेलात तर किलकोल्गनचं मोरॅन्स, गवताने शाकारलेल्या छपराचं, खाडीच्या काठावरचं, चुकवू नका. कालवं तिथे कच्ची खातात, लिंबू पिळून. मालवणी माणसाला तेवढंच काय ते धाडस. डब्लिनमध्ये सीफूड चावडर सुरक्षित: सायीचा रस्सा, सामन आणि धुरावलेला हॅडॉक हे मासे, मसल्स म्हणजे शिंपले. कोणी कोणी त्यात बेकनचे तुकडे परततात, एवढं विचारून घ्या. मेनूवर 'डब्लिन बे प्रॉन' दिसले तर ती कोळंबी नव्हे, लॉबस्टरच्या कुळातला सडपातळ भाऊ आहे, आणि किंमतही त्याच कुळाला शोभणारी.

चवीबद्दल आधीच मन तयार ठेवा. मसाला नाही. मीठ, मिरी, लोणी, धूर आणि वेळ यांवरच सगळं चालतं. तिखट मागितलंत तर टबॅस्कोची बाटली येईल आणि स्ट्यूची वाट लागेल. पर्समधला ठेचा बाहेर काढलात म्हणून कोणी उठवणार नाही, पण पहिले चार घास तसेच खा. मेंढीचा रस्सा, त्यात विरघळलेला बटाटा आणि ब्रेडचा तुकडा, हे आळणी वाटलं तर चूक बहुतेक मिठाची असते. मीठ टेबलावरच असतं.

वेळेच्या बाबतीत आपले लोक फार फसतात. साडेआठला निवांत निघाले, सव्वानवाला पोचले आणि किचन बंद. बार मध्यरात्रीपर्यंत चालतो, शेगड्या मात्र नऊ-साडेनवालाच थंड होतात. सहाचं बुकिंग करा. बऱ्याच ठिकाणी साडेपाच ते साडेसहा दरम्यान 'अर्ली बर्ड' मेनू असतो, दोन किंवा तीन पदार्थ ठरलेल्या कमी दरात. टेबल दीड-दोन तासांसाठीच मिळतं, तेही बुकिंगच्या वेळी सांगतात. मुलगा अठराच्या आतला असल्यामुळे बारच्या भागात रात्री नऊनंतर तो बसू शकत नाही. मे ते सप्टेंबर ही मुदत दहापर्यंत असते. सहाला गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

संगीताचंही तसंच. पबच्या कोपऱ्यात फिडल, बासरी, बोधरान (आयरिश डफ) घेऊन पाच-सहा जण बसलेले दिसले तर तो कार्यक्रम नसतो, आपसातलं वाजवणं असतं. त्यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, तिथे बसू नका आणि फर्माइश करू नका. टेंपल बारमध्ये मात्र माईकवर गाणारेही पुष्कळ. ते पाहुण्यांसाठीच असतं, तिथे फर्माइश चालते. दोन्हींत खुशाल टाळ्या वाजवा, फक्त पहिल्यांत गत संपल्यावर. वेटर गप्पिष्ट असतात. महाराष्ट्रातून आलो म्हणालात तर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा विषय निघण्याची दाट शक्यता. त्यांच्या वडिलांचं वराड गाव मालवण तालुक्यातलं हे तुम्ही सांगा, त्यांना ऐकायला आवडतं.

खर्चाचा अंदाज: टेंपल बारमध्ये मुख्य पदार्थ साधारण वीस ते तीस युरो. नळाचं पाणी फुकट मिळतं, मागायचं फक्त, नाहीतर बाटली येते. बाकी लुबाडणूक म्हणाल तर ती जेवणापेक्षा पिण्यात होते. नदीपलीकडे दहा मिनिटं चालून गेलात की तोच बिअरचा पाइंट बराच स्वस्त. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, त्यामुळे वेटर विसरला असं समजून ताटकळू नका. टिप दहा टक्के पुरे. सहा किंवा जास्त माणसं असतील तर सर्व्हिस चार्ज बिलातच लावलेला असू शकतो. बहीण-मेहुणे आले तर तुम्ही सहा होता, तेव्हा बिल वाचा आणि वर पुन्हा टिप ठेवू नका. कार्डावर दिलेली टिप मालकाने स्वतःकडे न ठेवता कामगारांत वाटायची, असा कायदा डिसेंबर २०२२पासून लागू आहे, त्यामुळे रोख नाही म्हणून संकोच नको.

तुमच्या चौघांसाठी मी असं मागवेन: एक चावडर, एक लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि बटाट्याचं सूप सासूबाईंसाठी स्टॉक विचारून, दोघांत एक मेंढीचा स्ट्यू, एक चिकनची बॉक्स्टी सॉसची चौकशी करून, एक भाज्यांची बॉक्स्टी, आणि मध्ये कोलकॅनन. ताटं मोठी असतात, मुलाची भूक धरूनही हे पुरतं. एक पदार्थ दोघांत घेतलेला कोणाला खटकत नाही, जास्तीची रिकामी ताटली मागा. शेवटी मोठ्यांना आयरिश कॉफी हवी असेल तर ती ढवळू नका. वरच्या थंड सायीतून खालची गरम, गोड कॉफी आणि व्हिस्की ओठांशी यावी, यासाठीच तर साय वर तरंगत ठेवलेली असते.

बुकिंग करताना ईमेलमध्येच लिहा: चौघं, एक शाकाहारी अंड्याशिवाय, बाकी तिघं बीफ-पोर्क आणि त्यांचा स्टॉक खात नाहीत. आठवडाभर आधी लिहिलंत तर उत्तर येतं. नाही आलं तर दुपारी तीन-साडेतीनला फोन करा. जेवणाची गर्दी संपलेली असते, रात्रीची तयारी चालू असते आणि शेफ फोनवर येऊ शकतो. शनिवारी संध्याकाळी सातला केलात तर फोन कोणी उचलणारच नाही.